उमेबायाशींना नारळ

एखाद्याला कामावरून काढायला असं काय लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या उमेबायाशींना एकदा वाकून माफी मागताना बघावं. माणूस कमरेतून असा काही मोडतो की त्यांच्या टकलाच्या मधोमध असलेला तीळ थेट आपल्या डोळ्यांसमोर येतो. तो तीळ मी चार वर्षांत इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटून कागदावर काढून दाखवेन. मनातल्या मनात सात आकडे मोजून होईपर्यंत ते तसेच राहतात. मग सरळ होतात, आणि पिशवीतून मिठाईचा खोका काढून दोन्ही हातांनी पुढे करतात.

उमेबायाशी म्हणजे आमचे घरभाड्याचे एजंट. नदीपलीकडे माझ्या आईचं जुनं घर आहे. आई गेल्यावर ते भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा मी पाणीपुरवठा खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. चौतीस वर्षं लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी ऐकल्यावर आता स्वतःच्या भाडेकरूंच्या ऐकायच्या नाहीत, असा माझा निर्धार होता. म्हणून 'उमेबायाशी गृहसेवा' यांच्याशी करार केला. भाडेकरू शोधणं, दुरुस्त्या करणं, तक्रारी ऐकणं सगळं त्यांच्याकडे. अकराव्या कलमात तर स्पष्टच लिहिलं होतं की मालकाने भाडेकरूशी परस्पर बोलायचं नाही आणि परस्पर दुरुस्ती करायची नाही. हे कलम वाचून मला तेव्हा फार आनंद झाला होता.

पहिल्या वर्षी त्यांनी पन्हळ साफ करायला माणूस पाठवला. त्याने शेजारच्या घराची पन्हळ लखलखीत साफ केली. माफी, तीळ, खोका. दुसऱ्या वर्षी नवी टपालपेटी बसवली, तिचं तोंड भिंतीकडे. माफी, तीळ, खोका. तिसऱ्या वर्षी आईने लावलेलं केशरी फळांचं पर्सिमनचं झाड छाटायला सांगितलं, ते ऐन फळं धरलेली असताना छाटलं. त्या वेळी दोन खोके आले.

आता आमच्याकडे खोका घेतला की विषय संपत नाही, सुरू होतो. निम्म्या मोलाचं काहीतरी परत पाठवावं लागतं. मग त्याचे आभार मानायला त्यांचं पत्र येतं, पत्राला उत्तर जातं. म्हणजे उमेबायाशी जितकं काम बिघडवत, तितका आमचा घरोबा वाढे. माझी बायको फुमिए हिला डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मी काय कमी करू? आमच्या एजंटला सांगा."

तरी मी गप्प होतो, कारण भाडेकरू छान मिळाले होते. सेत्सुसान नावाची चाळिशीची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, आणि तिचे ऐंशी ओलांडलेले वडील. हे आजोबा दर शरदात त्या झाडाची पर्सिमनं सोलून, दोरीला बांधून पागोळीखाली सुकायला टांगायचे. आई अगदी तशीच टांगायची. मी अकरावं कलम पाळत रस्त्याच्या पलीकडे सायकल उभी करायचो, त्या केशरी माळा बघायचो आणि घरी यायचो. फुमिएला सांगायचो, वाण्याकडे गर्दी होती.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिला बर्फ पडला त्या दिवशी आजोबा बसथांब्यावर दिसले. हातात प्लास्टिकचं घमेलं, त्यात टॉवेल आणि साबण. अंघोळीला सार्वजनिक हमामात निघाले होते, दोन बसगाड्या बदलून. मी कलम आठवून फक्त हवेबद्दल बोललो. तेही हवेबद्दलच बोलले. बस यायच्या आधी एवढंच म्हणाले की थंडीत बसमध्ये बरं असतं, गरम हवा असते.

मी घरी येऊन फोन केला. उमेबायाशी म्हणाले, हो, न्हाणीघराचा गीझर जरासा रुसलाय, गुरुवारी माणूस जातोय. गुरुवार गेला. पुढचा गुरुवार गेला. तिसऱ्या फोनला म्हणाले की त्या मंडळींना आता हमामाची गोडीच लागली आहे. चौथ्या फोनला म्हणाले की तसंही ती मंडळी मार्चमध्ये घर सोडताहेत, तुम्ही काळजी करू नका, त्यांच्यापेक्षा चांगले भाडेकरू आणतो.

मला त्यांच्यापेक्षा चांगले भाडेकरू नको होते. मला तेच हवे होते. त्या रात्री जेवताना मी फुमिएला जाहीर केलं की उमेबायाशींना नारळ द्यायचा. तिने भाताचा वाडगा खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही? देणार?"

हा प्रश्न मला लागला. मी करार काढला. अठरावं कलम असं की एकतीस डिसेंबरपर्यंत लेखी सूचना दिली नाही तर करार आपोआप आणखी दोन वर्षं चालू. आमच्याकडे कागदावर ज्याचा त्याचा नावाचा शिक्का लागतो; सूचनेवर करारावरचाच हवा, आणि सूचना पोचल्याचा त्यांच्या दुकानाचा शिक्का आपल्या प्रतीवर पडेल तेव्हाच ती पोचली असं धरायचं. पोस्टाने पाठवून उपयोग नाही. खात्यात चौतीस वर्षं काढल्यामुळे असं कलम लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आत कुठेतरी आदरही वाटला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ त्यांच्या दुकानात गेलो. वाटेत तीनदा वाक्य म्हणून पाहिलं होतं: उमेबायाशीसान, आपण इथेच थांबू या. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ते उठले, वाकले, तीळ दिसला. "इनागाकीसान, माझ्यासारख्या नालायक माणसाला तुम्ही चार वर्षं सांभाळलंत. उद्या तुम्ही दुसरा कोणी बघितलात तर माझं तोंड नाही काही बोलायला."

इतकी आयती संधी कुणाला मिळते? पण आमच्याकडे समोरचा स्वतःला नालायक म्हणाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. ते आपण म्हणत नाही, ते आपल्या तोंडातून बाहेर पडतं. मी म्हणालो, "छे छे, भलतंच काय. तुमच्याशिवाय आमचं कसं व्हायचं." आणि तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा खोका घेऊन घरी आलो.

फुमिएने दार उघडलं, खोका बघितला आणि चहा टाकायला आत गेली. तेहतीस वर्षांच्या संसारात एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता.

तेव्हा लेखी. मी दोन रात्री बसून पत्र लिहिलं आणि शिक्का शोधायला लागलो. करारावरचा शिक्का नगरपालिकेत नोंदवलेला, मोठ्या व्यवहारांचा असणार म्हणून तिजोरी उघडली. तिजोरीतल्या शिक्क्याचा ठसा जुळेना. देवघराच्या खणातला जुळेना. मग मी नगरपालिकेत गेलो. तिथे नंबराचं तिकीट घेऊन पावणेदोन तास बसलो आणि खिडकीत कोण, तर कधीकाळी माझ्या हाताखाली मीटर वाचायला शिकलेली मुलगी. तिने मला ओळखलं, 'साहेब' म्हणाली, आणि नम्रपणे सांगितलं की करारावरचा ठसा नोंदणीच्या शिक्क्याचा नाहीच, त्यामुळे खिडकी चुकली आहे. बरोबर खिडकी कुठली, असं मी विचारलं. ती म्हणाली, असा शिक्का साधारण घरातच सापडतो.

सापडला. चौथ्या दिवशी पार्सलवाला आला, फुमिएने चपलांच्या कपाटावरच्या वाटीतून एक शिक्का उचलला आणि त्याच्या पावतीवर ठोकला. आईचं अख्खं घर मी पार्सलच्या शिक्क्याने उमेबायाशींच्या हवाली केलं होतं.

पत्र तयार झालं, शिक्का बसला, आता ते द्यायचं कसं? समोरासमोर माझं काय होतं ते कळलंच होतं. अशा वेळी आमच्या शेजारच्या त्सुबोकुरांना विचारायचं असतं. ते बँकेत उपव्यवस्थापक होते आणि लोकांना कर्ज नाकारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं ते स्वतः सांगतात. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "कागद नुसता देऊ नये, उघडा पडतो. चांगल्या दुकानातला खोका घ्या. पत्र वेष्टनाच्या आत, झाकणावर. ते घरी जाऊन सोडतील, वाचतील, तुम्ही तिथे नसाल. कुणाला कुणाचं तोंड बघायला नको."

मला हे इतकं पटलं की मी त्यांनाही एक छोटा खोका दिला. मग स्टेशनजवळच्या जुन्या दुकानातून लाल चवळीच्या घट्ट वड्यांचा खोका घेतला. दुकानातल्या बाईला विनंती करून पत्राच्या दोन्ही प्रती आणि परतीचा लिफाफा झाकणावर ठेवून वरून वेष्टन करून घेतलं. तिने चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते केलं. बहुधा मी पहिला नव्हतो.

बारा डिसेंबरला मी खोका उमेबायाशींच्या टेबलावर ठेवला, 'आत सविस्तर आहे' असं पुटपुटलो आणि पळ काढला. आपण काय करून बसलो ते मला पंधरा तारखेला कळलं. त्या दिवशी दारात हाताएवढा लांब खारवलेला मासा आला आणि सोबत कार्ड: 'वर्षअखेरच्या भेटीबद्दल आभार. पुढच्या वर्षीही असाच लोभ असावा.'

डिसेंबर! अख्खं शहर डिसेंबरात एकमेकांना खोके पाठवतं आणि त्या खोक्यांचा एकच अर्थ असतो: यंदा सांभाळलंत, पुढेही सांभाळा. मी माणसाला हाकलायला गेलो होतो आणि रीतसर सांगून आलो होतो की जाऊ नका.

"पण पत्र वाचलं असेल ना?" मी त्सुबोकुरांना विचारलं. त्यांनी मासा उलटासुलटा करून पाहिला. त्यांच्या मते वाचलं होतं, आणि मासा हे उत्तर होतं. एवढा मोठा मासा म्हणजे ठाम नकार. त्यांनी बँकेतलं एक उदाहरणही दिलं, पण त्यात मासा नव्हता. मी दुकानात फोन केला तर सगळे वर्षअखेरच्या मेजवानीला गेलेले. दुसऱ्या दिवशी केला तर आदल्या दिवशीच्या मेजवानीमुळे साहेब आले नव्हते. मग दोनदा स्वतः गेलो. साहेब भेटी वाटायला बाहेर. अठ्ठावीस तारखेपासून दुकानाचं शटर खाली आणि त्यावर चिठ्ठी, पाच जानेवारीला भेटू. आम्ही रोज मासा खात होतो आणि माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

एकोणतीस तारखेला सकाळी मी दारातला बर्फ ओढत होतो. समोर सेत्सुसान उभी. हातात कापडात बांधलेलं काहीतरी. तिने गाठ सोडली तर आत माझाच खोका, आणि त्यावर माझंच पत्र.

"हा उमेबायाशीसाननी आणून दिला," ती म्हणाली. "गीझरबद्दल माफी म्हणून. आईच्या तसबिरीपुढे ठेवायला काल वेष्टन सोडलं, तर हे निघालं. पत्र त्यांच्या नावाचं आहे, वाचायला नको होतं. पण वाचलं."

म्हणजे त्यांनी खोका उघडलाच नव्हता. आलेल्या भेटींच्या ढिगातून एक उचलला आणि पुढे सरकवला. ह्यात त्यांची काही चूक काढता येत नाही. आमच्या कपाटातही असे चार खोके पुढे सरकायची वाट बघत होते. मी मात्र फावडं धरून तिथेच उभा राहिलो, कारण पत्रात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. 'माझ्या घरातला ऐंशी वर्षांचा माणूस बर्फातून बसने अंघोळीला जातो आणि तक्रारही करत नाही, याची मला मालक म्हणून लाज वाटते. ही मंडळी घर सोडून गेली तर त्या घराला अर्थ राहणार नाही.' हे एजंटसाठी लिहिलं होतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी वाचावं म्हणून नव्हे.

"आम्हाला ते सांगायचे की मालक खर्चाला तयार नाहीत," सेत्सुसान म्हणाली. "म्हणून आम्ही मार्चमध्ये सोडणार होतो. बाबांना झाड सोडवत नव्हतं."

मला भयंकर राग आला. आणि रागापेक्षाही वाईट वाटलं. रस्त्याच्या पलीकडे सायकल उभी करून चार शरद काढले, आणि त्या घरात मला कंजूष समजत होते. मी कसाबसा म्हणालो की अकराव्या कलमाप्रमाणे खरं तर आपण परस्पर बोलता कामा नये.

फुमिए मागे कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ती म्हणाली, "तुमचं कलम तुमच्याजवळ ठेवा. सेत्सुसान, आत या. आणि आजपासून आजोबा अंघोळीला आमच्याकडे येतील. बसने नाही, हे आणतील गाडीतून."

तसं ठरलं. आजोबा रोज दुपारी यायचे, तासभर टबात बसायचे आणि कुठलंतरी जुनं कोळीगीत गुणगुणायचे. माझा जीव मात्र टांगणीला. दोन दिवस उरलेले, दुकान बंद, आणि पोचशिक्क्याशिवाय सूचना म्हणजे नुसता कागद. शेवटी फुमिएच म्हणाली की अहो, एकतीसला ते कॅलेंडर घेऊन येतात की. खरंच की. दर एकतीस डिसेंबरला उमेबायाशी आपल्या माणसांच्या घरी कॅलेंडर वाटत फिरतात आणि प्रत्येक कॅलेंडरवर दुकानाचा शिक्का तिथल्या तिथे मारून देतात. तो शिक्का त्यांच्या आतल्या खिशात असतो.

ते तीन वाजता आले. एरवी दारातूनच जातात, पण फुमिएने त्यांना आत बोलावलं आणि खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाशी बसवलं. समोर सेत्सुसान बसलेली बघून ते जरा गोंधळले, पण तिलाही वाकून नमस्कार केला. फुमिएने चहा दिला आणि बशीत वड्या कापून ठेवल्या. उमेबायाशींनी एक खाल्ली, डोळे मिटले, दुसरी घेतली.

"वा. फारच सुरेख. कुठल्या दुकानातल्या म्हणायच्या?"

"ते आम्हाला कसं ठाऊक असणार," फुमिए म्हणाली. "तुम्हीच ह्यांना दिल्यात." आणि तिने सेत्सुसानकडे हात केला. मग खोका मेजावर ठेवला, आणि खोक्यावर पत्र.

त्यांनी पत्र वाचलं. सगळं वाचलं, शेवटच्या ठशापर्यंत. आत न्हाणीघरात आजोबा गुणगुणत होते आणि पाण्याचा चुबूक चुबूक आवाज येत होता. उमेबायाशींनी कान देऊन ऐकलं, आतून कोण गातंय ते त्यांना कळलं. मग ते मागे सरकले, दोन्ही हात चटईवर टेकले आणि वाकले. तीळ दिसला.

"इनागाकीसान, माझ्यासारख्या नालायक माणसाला काढून तुम्ही दुसरा कोणी बघितलात, तर माझं तोंड नाही काही बोलायला."

माझं तोंड उघडलं. 'छे' जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, चौसष्ट वर्षांच्या सवयीने. फुमिए माझ्याकडे बघत नव्हती, चहाच्या किटलीकडे बघत होती. सेत्सुसानही खाली बघत होती. तेवढ्यात न्हाणीघराचं दार सरकलं आणि आजोबा बाहेर आले. अंगावर माझा जुना गाऊन, चेहरा लालबुंद, डोक्यातून वाफा निघताहेत.

"किती दिवसांनी घरातल्यासारखी अंघोळ झाली," ते म्हणाले.

मी म्हणालो, "बरं."

उमेबायाशी वाकलेलेच. मी सात मोजले. ते वाट बघत होते. 'छे छे' आल्याशिवाय उठायचं कसं हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. मी पंधरापर्यंत गेलो. चौतिसाला मला इतकं अवघडलं की वाटलं, जाऊ दे, म्हणून टाकावं. पण मी ओठ मिटून धरले. चाळिसाच्या पुढे कुठेतरी ते सावकाश वर आले. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. फुमिएने माझी प्रत पुढे सरकवली आणि शाईची डबी उघडून दिली. त्यांनी आतल्या खिशातून शिक्का काढला, श्वास धरला आणि नीट, सरळ, ठळक ठोकला. चार वर्षांत त्यांनी माझं एवढं एकच काम पहिल्या फटक्यात बरोबर केलं.

जाताना कॅलेंडर दिलं. मीही वाकलो, त्यांच्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

करार रीतसर मार्चमध्ये संपायचा होता, पण फुमिए म्हणाली की मार्चपर्यंत आजोबा विरघळून जातील. अकरावं कलम मोडून पाच जानेवारीला माझा खात्यातला जुना सहकारी गीझर बघून आला. एक पाच बोटं लांबीची नळी बदलली, वीस मिनिटांत काम झालं. संध्याकाळी सेत्सुसानचा फोन आला की बाबा बाहेर यायला तयार नाहीत. मार्चचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. दोन दिवसांनी ती सुकवलेल्या पर्सिमनांची एक माळ देऊन गेली. ती मी आमच्या पागोळीखाली टांगली आणि मुद्दाम रस्त्यावर जाऊन, पलीकडे उभा राहून पाहिली.

आठ तारखेला उमेबायाशींकडून खोका आला. 'इतक्या वर्षांच्या ऋणानुबंधाबद्दल.' मला खरंच भरून आलं. माणूस म्हणून ते वाईट नव्हतेच. फुमिए म्हणाली, हात लावू नका, तसाच त्सुबोकुरांकडे जाऊ दे. पण ह्या वेळी मी आधी वेष्टन सोडलं.

झाकणावर एक लिफाफा होता. 'श्री. उमेबायाशी यांस. सविनय कळवतो की आपल्याबरोबरचा करार पुढे चालू ठेवणं मला शक्य नाही.' खाली हाराकावा नावाच्या कुणा गृहस्थाची सही, ठसा, परतीचा लिफाफा. पत्त्यावरून घर स्टेशनच्या मागच्या बाजूला असावं. त्यांची मुदत एकतीस जानेवारी होती.

मी कोट चढवला, लिफाफा आतल्या खिशात ठेवला आणि बूट घालायला दारात बसलो. बिचारा तिकडे मासा खात बसला असेल.

"अहो," फुमिए आतून म्हणाली, "अनोळखी माणसाकडे असे हात हलवत जाऊ नका. कपाटातला एखादा खोका घेऊन जा."